कुणीही कापलेला त्रिकोण

आमच्या घरात गणित कुणालाच यायचं नाही आणि त्याचं कुणाला वाईटही वाटायचं नाही. "आपल्या रक्तातच न्हाई ते," असं वडील म्हणायचे. त्यामुळे गुंजवण्याहून एसटीने वेल्ह्याच्या शाळेत जाताना गणिताची मला काळजी नसे. सूत्रं पाठ करायची, पास झालं की पुरे.

आठवीत गणिताला नव्या बाई आल्या. त्यांनी फळ्यावर काही न लिहिता जुने पेपर वाटले. म्हणाल्या, "हवा तसा त्रिकोण कापा. शेजारच्यासारखा नको." मी मुद्दाम वेडावाकडा कापला, एक कोपरा सुईसारखा.

"आता तिन्ही कोपरे फाडा आणि टोकं जुळवून शेजारीशेजारी ठेवा."

ठेवले, तर खालची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. शेजारणीचीही सरळ, मागच्या बाकांवरही सरळ.  तिन्ही कोनांची बेरीज एकशेऐंशी अंश, हे मला तोंडपाठ होतं. ते असं कागदातच बसलेलं असतं, हे ठाऊक नव्हतं.

"बाई, एखादा तरी चुकंल की," मी म्हणाले.

"शोध," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी त्रिकोणांमागून त्रिकोण कापले. एकही चुकला नाही. आई वाल सोलत होती. "काय कागुद फाडत बसलीयास?" मी सांगितलं, तसे तिने हात पुसले आणि खताच्या रिकाम्या गोणीचा मोठा त्रिकोण कापला. कोपरे जुळवले. मग त्या सरळ कडेवरून बोट फिरवत राहिली.

"कुनीबी कापला तरी?"

"कुनीबी."

तिने कोपरे उलटसुलट करून पुन्हा जुळवून पाहिले. मग हळूच म्हणाली, "आन् कापनारं मानूसच नसतं, तरी हे आसंच आसतं व्हय?"

 दुसऱ्या दिवशी मी हेच बाईंना विचारलं. त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढला आणि वरच्या टोकातून पायाला समांतर एक रेघ ओढली. खालच्या दोन्ही कोनांएवढेच कोन वर त्या रेघेशी सापडले, तिसऱ्याच्या दोन्ही अंगांना; तिन्ही मिळून ती सरळ रेघच. कात्री नाही, कागद नाही. जगातले सगळे त्रिकोण त्या एका रेघेत आले होते. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

भोरच्या कॉलेजात मी गणितच घेतलं. वडील म्हणाले, "बग बाय, झेपतंय का." पहिल्या वर्षी झेपलं नाही. नंतर झेपायला लागलं.