कोणी बदललं आमचं शास्त्र?

खालच्या मजल्यावरच्या भाभींचा धाकटा भाऊ मला म्हणाला, "ताई, तुमची इंजील, म्हणजे तुमचं शुभवर्तमान, असली राहिलीच नाही. तुमच्याच लोकांनी बदलून टाकली," तेव्हा माझ्या हातात त्यांच्या घरच्या शीरखुर्म्याची वाटी होती. ईदचा दिवस, खोलीभर पाहुणे, आणि त्यात मी एकटी ख्रिस्ती बाई.

भाभी भंडाऱ्याकडच्या, माझं माहेर गोंदियाकडचं. सेक्टर दहाच्या आमच्या ब्लॉकमध्ये तेलुगू, बंगाली, मल्याळी, बिहारी सगळे होते, पण आमच्या बोलीत "कावून वं, आज दिसली नाही?" असं विचारणाऱ्या त्या एकट्याच. नवऱ्याला रायपूरजवळच्या स्टील प्लांटचं हे क्वार्टर मिळाल्यापासूनची आमची ओळख. भाऊ इंजिनिअर, रायपूरला नवीन नोकरी लागलेली, तिथे घर मिळेपर्यंत बहिणीकडे राहत होता. पोरगा अदबशीर. आवाज कधी चढवायचा नाही. म्हणूनच त्याचं बोलणं जास्त झोंबलं.

"ईसा आमचेही पैगंबर आहेत," तो पुढे म्हणाला. "आम्ही त्यांचा तुमच्याहून जास्त मान ठेवतो. अल्ला आपल्या लाडक्या पैगंबराची अशी विटंबना होऊ देईल? त्यांना सुळावर चढवलंच नाही. आणि देव एक असेल तर तीन कसा होईल, तुम्हीच सांगा."

"आमचा विश्वास आहे तसा," एवढं पुटपुटले. कोणीतरी हसलं. भाभींनी भावाकडे डोळे वटारले आणि माझ्या वाटीत आणखी खुर्मा वाढला. तो तसाच ठेवून मी उठले.

घरी आले तर नवरा म्हणाला, "तू कावून त्याच्या नादी लागते? श्रद्धेची गोष्ट हाय, वाद कशाले?"

"वाद मी नाही काढला. पण माझं शास्त्र खोटं हाय म्हणून कोणी सांगून राहिला, अन् मी खुर्मा खात बसू?"

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी आमच्या पाळकांना गाठलं. तरुण होते, उत्साही. माझे प्रश्न पुरते ऐकायच्या आधीच त्यांनी माझ्या फोनवर दोन-तीन व्हिडिओ पाठवले. घरी येऊन लावले. स्टेजवर एक माणूस ओरडत होता. मुसलमानांच्या पैगंबरांबद्दल, त्यांच्या घरातल्या बायकांबद्दल नको नको ते बोलत होता आणि खाली लोक टाळ्या पिटत होते. अर्ध्यातच बंद केले. पुन्हा भेट झाली तेव्हा सरळ सांगितलं, "पास्टर, यात माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. नुसत्या शिव्या आहेत."

"ताई, ते आपल्याला काय काय बोलतात ते ऐकलं नाही का तुम्ही?"

"ऐकलं. माझ्या तोंडावर बोलले. पण माझे बाबा शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना कुशीवर वळवायला ज्या भाभींनी हात लावला, त्यांच्या घरी मी ही घाण घेऊन जाणार नाही."

मला वाटतं, त्यांना राग आला असावा. येऊ दे, म्हटलं.

मग मी स्वतःच वाचायला बसले. लहानपणापासून पवित्र शास्त्र वाचत आले होते, पण रोजचा उतारा वाचून मिटायचं, तसं. आता चारही शुभवर्तमानं सलग वाचली, आणि कोणी खाडाखोड केली असेल तर ती कुठे दिसते, हे शोधत वाचली. मी शाळेत हिंदी शिकवते. पोरं वहीत कुठे आणि का खोडतात, हे मला चांगलं माहीत. माणूस खोडतो ते आपली लाज झाकायला. पण इथे तर सगळी लाज उघडी ठेवलेली! प्रभूला पकडलं त्या रात्री त्याचा पहिल्या मानाचा शिष्य शेकोटीपाशी उभा राहून एका मोलकरणीला सांगतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. बाकीचे पळून जातात. आणि प्रभू स्वतः वधस्तंभावरून देवाला विचारतो की मला का सोडलंस. वाचता वाचता माझी भीती गेली.

एका रविवारी दुपारी मी आपण होऊन खाली गेले. भाभी मेथी निवडत होत्या, भाऊ क्रिकेट बघत होता.

"त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं," मी म्हणाले. "आज सांगू का?"

त्याने टीव्ही बंद केला आणि नीट बसला. "बोला ताई."

"बदललं म्हणता, तर कोणी बदललं? कधी? तुमच्या पैगंबरांच्याही आधीच्या काळातल्या, हाताने लिहिलेल्या प्रती आजही आहेत. त्यातही वधस्तंभ आहे."

"त्या प्रतींमध्ये फरक आहेत, ताई. मी वाचलंय."

"आहेत ना! आमच्या शास्त्रात पानाखाली बारीक अक्षरात छापलेच आहेत ते. लपवायचं असतं तर आम्हीच छापले असते? आणि बदलणाऱ्याने आधी काय काढलं असतं? आपल्या पुढाऱ्यांचा पळपुटेपणा काढला असता. तो तर जसाच्या तसा आहे."

मग तो म्हणाला, "ठीक. पण तीन?"

"तीन देव आम्ही मानतच नाही. एकच मानतो. बाप, पुत्र, पवित्र आत्मा, एकच देव. कसा, ते मला पूर्ण समजावता येत नाही. मी खोटं बोलणार नाही. पण देव माझ्या डोक्यात मावला नाही म्हणून तो तसा नाही, हे मी मानणार नाही."

"हे उत्तर नाही झालं, ताई."

"नसेल. तुमच्यापुरतं नसेल."

भाभींची मेथी थांबली होती. मला खरं बोलायचं होतं ते पुढचंच. तो म्हणाला होता, देव आपल्या लाडक्याची विटंबना होऊ देत नाही. ते वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं होतं.

"माझे बाबा चर्चमध्ये गाणी म्हणायचे," मी म्हणाले. "मोठा आवाज. घशाचा कॅन्सर झाला आणि आवाज गेला. मग अंगातलं बळ गेलं. शेवटी मीच त्यांना पुसायची, कपडे बदलायची. ते तोंड भिंतीकडे करायचे, मुलीकडे बघायची लाज वाटायची म्हणून. तुमच्या ताईने पाहिलंय सगळं. ते देवाचे लाडके नव्हते? देवाने त्यांची विटंबना होऊ दिली. मग अशा वेळी मी कोणता देव धरायचा? आपल्या माणसाला सुळावरून अलगद उचलून घेणारा? माझ्या बाबांना कोणी उचललं नाही. माझा देव स्वतः त्या लाजेत उतरला, उघडा, लोकांसमोर. हे तुम्ही माझ्याकडून काढून घेतलं, तर माझ्याजवळ काही उरत नाही. म्हणून मी ते देणार नाही."

माझा आवाज चढला होता. त्याने मान खाली घातली. हळूच म्हणाला, "मी तुमच्या वडिलांबद्दल नव्हतो बोलत, ताई. पण माझा ईमान, माझा विश्वास, तोच आहे. ईसांना सुळावर चढवलं नाही."

"माहीत आहे मले. तुमचं तुम्ही धरा. पण माझं शास्त्र बदललेलं हाय असं भरल्या घरात पुन्हा म्हणाल, तर मी भरल्या घरात उत्तर देईन."

भाभी उठल्या. "आता चहा ठेवते," म्हणाल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून भावाला म्हणाल्या, "हिच्या बापाले म्या धुतलं हाय. मले पण पुसत जा काही बोलायच्या आधी."

ही गोष्ट ब्लॉकमध्ये कशी पसरली कोण जाणे. दोन दिवसांनी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या एक बाई भेटल्या. एरवी मला बघून कपाळाला आठी घालणाऱ्या. नाताळात आमच्याकडे मुलं जमली की "काय शिकवतात हे लोक" असं मोठ्याने म्हणणाऱ्या. त्या दिवशी गोड हसल्या. "बरं सुनावलं म्हणे तुम्ही त्या लोकांना."

"सुनावलं नाही. विचारलं होतं, त्याचं उत्तर दिलं. तुम्ही विचाराल तर तुम्हालाही देईन," मी म्हणाले आणि भाजीची पिशवी घेऊन वर गेले. माझ्या खांद्यावरून भाभींवर नेम धरायचा होता त्यांना.

चर्चमध्ये पाळक म्हणाले, साक्ष द्या, घडलं ते सगळ्यांसमोर सांगा, मंडळीला बळ मिळेल. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तिनाच्या प्रश्नावर मी अडले, तेही. आणि त्या मुलाने टीव्ही बंद करून माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तेही. टाळ्या थोड्याच पडल्या. मागच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ मात्र बाहेर आल्यावर म्हणाले, त्यांच्या बायकोच्या आजारपणापासून अंथरुणातल्या या लाजेवर कोणी बोललंच नव्हतं.

भाभींचा भाऊ आता हैदराबादला असतो. मधूनमधून फोनवर एखादा प्रश्न पाठवतो, मी वाचून, शोधून उत्तर देते. कधी उलटा प्रश्न विचारते. मग त्याला वेळ लागतो. गेल्या महिन्यात त्याने लिहिलं, "ताई, तुम्ही मानणार नाही ना?" मी लिहिलं, "नाही. आणि तुम्ही?" त्याने नकाराची मान हलवणारं चित्र पाठवलं, आणि त्याखाली विचारलं की बहिणीचा गुडघा कसा आहे, ती फोनवर खरं सांगत नाही. मी खाली जाऊन बघून आले आणि त्याला खरं ते कळवलं.