लाटण्याची मूठ

जपानात, हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत नवऱ्यांना सॉफ्टवेअरची डेडलाइन असे आणि बायकांना एकमेकींची घरं. तूरडाळ कुठल्या दुकानात आली, कुणाचा व्हिसा वाढला, ओल्या कचऱ्याचा दिवस कुठला, एवढ्यावर दुपार सरायची. पहिली दोन वर्षं मीही त्यात रमले. तिसऱ्या वर्षी मी पिस्तुलांच्या नादी लागले.

घाबरू नका. खरं पिस्तूल घरात ठेवलं तर जपानी पोलीस चहालासुद्धा थांबणार नाहीत. ही होती मॉडेलगन. हुबेहूब नक्कल, पण प्लॅस्टिकची, नळी आतून बुजवलेली, फार तर आपल्या दिवाळीतल्या टिकल्यांसारखा फट्‌ आवाज करणारी. त्यातलं सगळ्यात स्वस्त म्हणजे बावीस बोअरचं काउबॉय रिव्हॉल्वर. दर वेळी अंगठ्यानं हॅमर मागे ओढायचा, मगच चाप ओढायचा. टिकल्या उडवण्यात मला काडीचा रस नव्हता. मजा होती ते स्वस्तातलं खेळणं देखणं करण्यात. सांध्याच्या रेघा घासून काढायच्या, अडखळणारी गोळ्यांची चक्री सुरळीत फिरती करायची, नवा रंग चढवायचा, प्लॅस्टिकची मूठ काढून तिथे लाकडाची बसवायची. लहानपणी मी वडिलांच्या रेडिओचं खोकं उघडून मार खाल्ला होता. ती खाज इतक्या वर्षांनी इथे भागली.

हे सगळं मिळायचं इचिकावा स्टेशनजवळच्या एका दुकानात, अरुंद जिना चढून वर. दुकानाचे मालक सत्तरीचे आजोबा होते. रविवारी दुपारी तिथे चारपाच नेहमीचे लोक आपापलं काम घेऊन एका टेबलाशी जमायचे आणि आजोबा त्यांना एकेक करून धारेवर धरायचे. "हा रंग आहे की चिखल?" "असा स्क्रू पिळतात?" माणसं मान खाली घालून ऐकायची. मग आजोबा तेच काम स्वतःच्या हातानं करून दाखवायचे.

आणि मी काही पुढे केलं की ते दोन्ही हातांनी घेत, हसत, म्हणत, "ओकुसान, जोओझु देसु ने." म्हणजे वहिनी, छान जमलंय हं. संपलं! पिस्तूल परत माझ्या हातात.

पहिल्यांदा हुरळून गेले. घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं. पण दर रविवारी तेच. शेवटी मी मुद्दाम एक स्क्रू तिरका बसवून नेला. तोही छान होता! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी तिथे पाहुणी होते. पाहुण्यानं आणलेला वरण-भात खारट झालाय असं कोण सांगतं? नवरा म्हणाला, "अगं, स्तुतीच करतात ना, बिघडलं कुठे?" बिघडलं हे की मला काही येत नव्हतं, आणि कुणी शिकवत नव्हतं. मला त्या टेबलाशी बसायचं होतं. बोलणी खायची तर बोलणी खाऊन.

म्हणून मी ठरवलं, असं काम करून न्यायचं की आजोबांना हसून सोडता येणार नाही. पुण्याहून आणलेलं सागवानी लाटणं मधोमध चिरलं होतं. त्याचे दोन तुकडे कापून मूठ कोरली. नवरा म्हणाला, "लाटणं होतं तोवर बरं होतं गं. आता त्याचं पिस्तूल झालं, मी जाऊ कुठे?" महिनाभर घासली आणि शनिवारी रात्री वरून जवसाचं तेल लावलं.

रविवार उजाडला तो नेमका दसरा. आपट्याची पानं कुठली मिळायला! पार्कातून गिंकोची पानं आणली, तीही तशीच दुभंगलेली असतात. पाटावर नवऱ्याचा लॅपटॉप, माझी कात्री, विळी मांडली. "ते पिस्तूल पण ठेव की," नवरा म्हणाला, "घरात खरं शस्त्र तेवढं एकच आहे." ठेवलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि हात जोडतानाच लक्षात आलं की मुठीवरचं तेल अजून ओलं आहे. पुसायला गेले तर लाल-पिवळा रंग लाकडात आणखी पसरला. रडूच आलं. पण न जाणं माझ्यानं होईना.

दुकानात आजोबांनी मी पुढे केलेला डबा उघडला. नेहमीसारखे हसले. मग मूठ उजेडाकडे धरली आणि हसू गेलं.

"हे काय आहे?"

"कुंकू. आज आम्ही अवजारांची पूजा करतो."

"पूजा चांगली. पण ओल्या तेलावर रंग? चार दिवस थांबता आलं नाही? आणि ही डावी बाजू पाहा, फटीत नख जातंय! इतके महिने इथे येऊन काय शिकलात?"

माझंही डोकं फिरलं. मोडक्या जपानीत म्हणाले, "तुम्ही शिकवलंत कुठे? नुसतं छान छान म्हणत होतात!"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाशी बसलेल्या शेजारच्या माणसाला सरकायला लावलं आणि एक पातं माझ्यापुढे ठेवलं. "यारिनाओशि. पुन्हा. सगळं खरवडा, माझ्यासमोर."

संध्याकाळपर्यंत मी खरवडत होते आणि ते बोलत होते. पातं चुकीचं धरते, घाई करते, लाकडाच्या रेषा बघत नाही. मी मान खाली घालून "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणत होते. आनंदानं मला मधेच हसू फुटलं, त्यावरूनही बोलले.

स्टेशनवर येऊन मी नवऱ्याला फोन लावला.

"मला झापलं," मी म्हणाले, "सगळ्यांसमोर!"

"कुणी? थांब, मी येतो तिकडे."

"तू कशाला येतोस! अरे, मला झापलं!"