शिआमावशीने लावलेला कौल

तैवानमधल्या तौलिऊच्या बाजारामागे भूमीआजोबा या राखणदार देवाचं लहानसं देऊळ आहे. तिथे शिआमावशी एकवीस वर्षं झाडलोट करत होती. नवरा गेल्यावर घरात भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून ती इथे आली आणि आजोबांशी भांडू लागली. "दाढीत केवढी धूळ जमवलीय! लहान आहात का आता?" असं म्हणत ती मूर्ती पुसायची. आजोबा मुकाट ऐकून घ्यायचे. याबाबतीत ते नवऱ्यापेक्षा बरेच उजवे होते.

मग ते नवीन खूळ आलं. पोरं मोबाईल टेकवून ठेवायची, कौलाचे दोन, एका बाजूने सपाट नि दुसरीने फुगीर, लाकडी तुकडे ओंजळीत धरून "तो माझ्यावर प्रेम करतो का?" असं विचारायची आणि तुकडे जमिनीवर टाकायची. एक उपडा, एक उताणा पडला की होकार. लागोपाठ तीन होकार आले की किंकाळ्या, गाणं, नाच, आणि लगेच ते साऱ्या जगाला दाखवायचं. दोन्ही उपडे पडले तर नकार. दोन्ही उताणे पडले तर देव उत्तर न देता नुसता हसला, आणि देव हसलेल्या व्हिडिओंना तर सगळ्यात जास्त मागणी.

"लाखभर लोकांनी बघितलं म्हणून तो मेला प्रेम करणार आहे का?" मावशी केरसुणी आपटत विचारायची. लॉटरीचे आकडे विचारणाऱ्या म्हाताऱ्यांना मात्र तिने कधी हटकलं नव्हतं. ते हळू आवाजात विचारायचे, एवढंच त्यांचं पुण्य.

शेवटी तिने पाटी रंगवली: 'इथे व्हिडिओ काढू नये.' पण या देवळात साधा खिळासुद्धा आजोबांना विचारल्याशिवाय ठोकत नसत. शनिवारी ऐन गर्दीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "पाटी लावू ना?"

दोन्ही तुकडे उताणे.

"मावशी, नाव-पत्ता राहिला की!" रांगेतली युनचेन म्हणाली. ही कॉलेजातली पोरगी दर शनिवारी यायची. "आम्हाला तर त्यावरूनच ओरडता. नाव, पत्ता सांगितला नाही तर आजोबांना कळणार कसं कोण विचारतंय ते?"

"मला ओळखत नाहीत होय ते? मला?"

पण नियम तिनेच घोकून घेतलेला. दात-ओठ खात तिने नाव सांगितलं, जन्मसाल सांगितलं, गल्ली सांगितली. पुन्हा दोन्ही उताणे. तिसऱ्यांदाही तेच. सगळं देऊळ खो-खो हसलं, आणि मावशीला वाटलं, आपलं माणूस चारचौघांत आपल्यावर उलटलं.

युनचेनने सगळं मोबाईलवर टिपून जगाला दाखवलं होतं. सोमवारपर्यंत थेट ताइपेहून लोक आले. कोणी शेंगदाण्याची चिक्की ठेवली, कोणी आजोबांच्या गळ्यात प्लास्टिकची फुलं घातली. मावशीबरोबरही फोटो काढून घेतले. आजोबांचा चेहरा तिला उगाच खुललेला वाटला.

मंगळवारी दुपारी देवळात कोणी नव्हतं. युनचेन मान खाली घालून आली. "व्हिडिओ काढून टाकू का, मावशी?"

"ते राहू दे. तुम्हाला यातून मिळतं तरी काय, ते सांग."

"घरी काही विचारलं की लगेच सल्ला सुरू होतो. इथे निदान विचारून तरी होतं."

"मग त्याला मोबाईल कशाला लागतो गं?"

"मोबाईल नसला तर लोक म्हणतात, ही एकटी पोरगी देवळात काय करतेय?"

मावशीने हातातली केरसुणी भिंतीला टेकवली. एकवीस वर्षांत तिला असं कोणी विचारलं नव्हतं. तिच्या हातात कायम केरसुणी असायची.

तिने तुकडे उचलले. या वेळी नाव-पत्ता आपणहून सांगितला, अगदी हळू. "आजोबा, तुम्हाला आता पुष्कळ सोबत झाली. मी घरी बसू का?"

युनचेनने मोबाईल पिशवीत टाकला.

तुकडे पडले. दोन्ही उपडे.

"नाही म्हणाले!" युनचेन ओरडली. "अजून दोनदा टाका ना मावशी, पक्कं होईल."

"गप बस," मावशी डोळे पुसत म्हणाली. "सांगितलं ना त्यांनी एकदा."