गंधाआडचा लाल दिवा

ऑपरेटर सेल्वमचे दोन्ही हात मनगटापर्यंत प्रेसच्या आत होते आणि बाजूचा दिवा लाल होता. मी धावत जाऊन इमर्जन्सी स्टॉप दाबला. मशीन थांबलं.

पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन म्हणजे प्रेस. त्याच्या तोंडाशी दोन खांब असतात आणि त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. किरण अडले की दिवा लाल होतो आणि मशीन जागीच थांबतं. दिवा लाल असताना तर ते चालूच होत नाही, आणि इथे ते चालत होतं. म्हणजे कुणीतरी चावी फिरवून पडदा बायपास केला होता. पडदा असून नसल्यासारखा.

चावी प्रॉडक्शन मॅनेजर कुलकर्णीसरांकडे असायची. मी सेफ्टी इंजिनियर. दोघंही नोकरीसाठी चेन्नईत आलेलो, दोघंही देव न मानणारे, तरी डबा उघडला की आमची जुंपायचीच. सरांच्या मते विज्ञान आणि धर्म एका छताखाली नांदूच शकत नाहीत. मी म्हणायचो, नांदू देत की, कामात आले नाहीत म्हणजे झालं.

दसऱ्याच्या सुट्टीआधी कारखान्यात आयुध पूजा झाली होती. इथे त्या दिवशी प्रत्येक मशीनला गंध-कुंकू लावतात. त्यानंतरची ही पहिलीच शिफ्ट.

सर आले. चावी आपणच फिरवली, असं त्यांनी सरळ सांगितलं.

"काचेवर चंदन थापलंय, म्हणून दिवा लाल. मशीन ठणठणीत आहे. यांच्या भक्तीपायी मी लाइन बंद ठेवू?"

मलाही ते पटलं. किरण जिथून निघतात त्या खांबाच्या काचेवर गंधाची बोटं उमटलेली स्पष्ट दिसत होती. मी फडक्याने पुसलं. दिवा लालच. पुन्हा पुसलं. लालच. खांबाचं कव्हर उघडलं तर आत वायर सोलवटून तुटायला आलेली. गंध नसतं तरी पडदा बंदच असता.

सरांचा चेहरा पांढरा पडला. "मला वाटलं, गंधामुळेच," एवढंच ते म्हणाले. गंध दिसल्यावर त्यांनी पुढे काही तपासलंच नव्हतं. आणि सकाळपासून सेल्वम त्या जबड्यात हात घालत होता.

"सामीने वाचवलं, सार," सेल्वम म्हणाला; सामी म्हणजे देव. मी नुसता त्याच्या बोटांकडे बघत राहिलो.

वायर बदलली. चावी माझ्या कपाटात आली. यंदाच्या पूजेला सेल्वमने गंधाची वाटी पुढे करून लावायची जागा विचारली, तेव्हा मी मोटरचं कव्हर दाखवलं. सरांचं मत बदललेलं नाही, माझंही नाही. पण दिवा लाल दिसला की आम्ही दोघंही आधी खांबाचं कव्हर उघडतो. वाद डब्याच्या वेळी.