उघाडीत अडकलेली आई

त्या दिवशी मी एकवीरा आईवर रागावलो होतो. हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचून कोणी मला थोर भक्त समजणार नाही. देवघरात बसून डोळे भरून येणाऱ्यांतला मी नाही. रोज दिवा लावतो, नमस्कार करतो आणि कामाला लागतो. संकटाच्या वेळी देवाने काय करावे, याविषयी मात्र माझ्या काही ठाम अपेक्षा होत्या. त्या दिवशी त्या मोडल्या.

आमचे गाव पनवेल तालुक्यात, खाडीच्या कडेला आहे. पूर्वी भोवती भाताची खारजमीन होती. आता तिच्यावर भराव टाकून इमारती उठल्या आहेत. ती जमीन आमच्या उंबऱ्यांहून उंच झाली आणि गाव वाटीच्या तळासारखे खाली राहिले. भरावावर पडलेले पावसाचे पाणी आमच्या गल्ल्यांत उतरते. ते खाडीत जायला एकच वाट आहे, बांधातली उघाडी. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातले दगडी तोंड आणि त्यावर खाडीच्या बाजूने टांगलेली जाड लाकडी झडप. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते आणि गावचे पाणी निघून जाते. भरती आली की खाडीच्या रेट्याने ती मिटते. ती मिटली नाही, तर खाडी घरात येते. गावातल्या प्रत्येक माणसाला हे कळते, आणि तरीही गावातले प्रत्येक घर आपले निर्माल्य, सुकलेले हार आणि देवांच्या फुटक्या तसबिरी त्याच नाल्यात सोडते. देवाच्या वस्तू कचऱ्यात कशा टाकायच्या, असे म्हणतात. देवाच्या वस्तूंनी गावाचे दार तुंबवलेले चालते.

पावसाळ्यापूर्वी तालुक्याहून एक अधिकारी आपत्तीची माहिती द्यायला आले होते. विजेरी, कोरडे खाणे, औषधे, पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रे हाताशी ठेवा, असे त्यांनी सांगितले. त्यात चुकीचे काही नव्हते. मी उभा राहून विचारले, "उघाडी कोण साफ करणार?" ते म्हणाले, "आजोबा, तो विषय आमच्याकडे येत नाही." सभा हसली. अधिकारी हसले असते तर मी सोडून दिले असते. माझेच गाव हसले.

घरी मी माझ्यापुरती तयारी केली होती. माझ्या पत्नीच्या खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रियेनंतर तिला उठून बसण्याचीही परवानगी नव्हती. तिच्या पलंगाच्या पायांखाली मी विटा रचल्या, पलंग कमरेपर्यंत उंच केला. तांदूळ, सुकट, रॉकेल फळीवर ठेवले. दाराशी सुंभाचा जाड दोर आणि पहार ठेवली. शेजारचा बळीराम ते पाहून म्हणाला, "आबा, काकीला पलंगाव निजवलंय का माल्याव?" मी आणखी एक वीट सरकवली. बळीरामने त्याच वर्षी नवा बंगला बांधला होता आणि त्यात संगमरवरी देवघर बसवले होते. त्याचा उंबरा मात्र त्याने रस्त्याला समतल ठेवला होता, गाडी आत घेता यावी म्हणून.

श्रावणातल्या अमावास्येचे उधाण आणि सकाळपासून धरलेला पाऊस एकाच वेळी आले. दुपारी गल्लीतले पाणी दारातून आत शिरले. आधी ते गढूळ होते. मग त्याला खाडीचा वास येऊ लागला आणि मी समजलो की झडप मिटलेली नाही. पत्नीला उचलायला चार माणसे हवी होती. गल्लीत पुरुषमाणूस नव्हता; सगळे बांधावर गेले होते. बायका मुलांना घेऊन गच्चीवर चढल्या होत्या. पाणी विटांवर चढत होते. मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "जा तुमी. मी काय पलून जातंय?" मी दोर आणि पहार घेतली आणि निघालो. दार ओढून घेताना देवघरातल्या आईला म्हटले, आता हिच्याकडे तू बघ. ती प्रार्थना नव्हती. ती ताकीद होती.

बांधावर गावचे पुरुष उभे होते. नुसते उभे होते. उघाडीच्या तोंडात, झडप आणि दगडी चौकट यांच्या मध्ये, एक लाकडी देव्हारा आडवा अडकला होता. त्याच्या कळसाला हारांचा आणि पिशव्यांचा गुंता गुंडाळला होता. आत खिळ्याने ठोकलेली एकवीरा आईची तसबीर तशीच होती. तिच्या दोन्ही अंगांनी खाडी गावात धावत होती. मी पहार पुढे केली. बळीराम आडवा आला.

"आबा, आई हाय ती. आईव पहार कशी घालाची?"

"घरातून काढताना आईच होती ना?"

तो देव्हारा कोणाच्या जुन्या घरातला, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मागून कोणीतरी म्हणाले, "नवीन घरान जुनी आई मावली नाय रं." एकदोघे हसलेसुद्धा. हसणारेही जागचे हलले नाहीत. पालखीला खांदा द्यायला हेच लोक एकमेकांना ढकलतात. माझी पत्नी पलंगावर पडून पाणी चढताना पाहत होती आणि हे सोवळे पाळत होते. तेव्हा माझा राग माणसांवरून तसबिरीकडे वळला. जिच्यावर घर सोपवून आलो, तीच दार अडवून बसली होती. मी खाली उतरलो आणि पहार घातली. देव्हाऱ्याची एक फळी फुटली. दुसऱ्या घावाला पाय सरकला आणि मी गुडघ्यावर आपटलो. माझ्या अंगात ते बळ राहिलेले नाही, हे मला सर्वांसमोर कळले.

"मामा, तो दोर द्या इकडे."

बांधावर एक मोटारसायकल उभी होती. रेनकोट घातलेला एक माणूस उतरून येत होता. गावचा नव्हता, बोलण्यावरून आमच्या भागातलाही नव्हता. त्याने दोर कमरेला बांधला आणि दुसरे टोक बळीरामच्या हातात दिले. बळीरामने ते मुकाट्याने धरले. त्याच्यामागे आणखी हात लागले. मग त्या माणसाने पायांतल्या चपला काढल्या, कडेला ठेवल्या, देव्हाऱ्यासमोर दोन्ही हात जोडले आणि डोके वाकवले. एवढ्या गर्दीत, एवढ्या घाईत, त्याने नमस्कार उरकला नाही. "आई, जरा बाजूला हो," असे तो म्हणाला. वाट अडवून बसलेल्या घरच्या म्हातारीला म्हणावे, तसे. आणि पहार घातली.

तिसऱ्या की चौथ्या घावाला देव्हारा दुभंगला. माणसांनी दोर खेचून त्या माणसाला मागे ओढले, आणि त्याच क्षणी झडप बंदुकीसारखा आवाज करून मिटली. त्याचा हात क्षणभर आधी तिथेच होता. तसबीर त्याच्या काखेत होती. ती त्याने केव्हा काढली, मी पाहिले नाही.

मी विचारले, "इकडे कसे आलात?" तो म्हणाला, "खारघरला जायचंय. मोबाईलवरचा रस्ता इकडेच दाखवत होता." आमचा बांध खारघरला जात नाही, तो कुठेच जात नाही. तो हसला, चपला घातल्या, तसबीर माझ्या हाती दिली. पत्नीची आठवण होऊन मी चार माणसांना हाक मारली. मागे वळून पाहिले तेव्हा तो गाडी वळवत होता. नाव विचारायचे राहिले. मी त्यातून कोणताही निष्कर्ष काढत नाही. मोबाईल रस्ता चुकवतात, हे मला माहीत आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी गादीच्या खालच्या कडेला लागून थांबले होते. पत्नीने औषधांची पिशवी छातीवर धरली होती. ती म्हणाली, "आलाव? दार लोटा, कचरा आत येतंय." मी दार लोटले. मग तिच्या छातीवरची पिशवी घेऊन फळीवर ठेवली.

त्या दिवसाचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझी पहार आणि त्याची पहार एकच होती. मी ती रागाने घातली, आणि बांधावरच्या माणसांनी भक्तीच्या नावाखाली ती घातलीच नाही. त्याने आधी हात जोडले आणि मग काम केले. शरण जाणे म्हणजे हातपाय गाळणे, असा माझा समज होता, म्हणून मी त्या शब्दापासून दूर राहिलो. तो समज चुकीचा होता. सर्व तयारी करावी, आणि जिथे आपले बळ संपते तिथे दुसऱ्याच्या हातात दोर देताना कुरकुरू नये, एवढाच त्याचा अर्थ आता मला लागतो. आईने त्या दिवशी हात पाठवले. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे आणि राहीन.

पण गाव अजून खालीच आहे. भराव वाढतो आहे. उघाडीसमोर लोखंडी जाळी बसवा, असे मी प्रत्येक सभेत उठून सांगतो. निर्माल्यासाठी गावात खड्डा खणा, हेही सांगतो. आता कोणी हसत नाही, आणि कोणी करतही नाही. बळीराम तेवढा माझ्याबरोबर उभा राहतो. ती तसबीर आता माझ्या देवघरात आहे. काचेशिवाय आहे, पाण्याने एका बाजूला फुगली आहे. दिवा लावताना मी तिला फुले वाहिली, कृतज्ञता वाहिली, आणि एकदा माझा रागही वाहिला. प्रसाद म्हणून तिने तो मलाच परत दिला, सभेत उठून बोलायला, असे मी समजतो.