मोहाखाली रंगवलेली होडी

मी होडी मोहाच्या झाडाखाली रंगवायला घेतली, आणि तीही मोह गळायच्या दिवसांत.

यात काय चुकलं हे आमच्याकडची शेळीसुद्धा सांगेल. मला ते कळायला सकाळ उजाडावी लागली. आदल्या संध्याकाळी मोठ्या मायेनं लावलेला पांढरा रंग, आणि त्यात अर्धी बुडून चिकटलेली पिवळट, रसरशीत फुलं. पंगतीत बुंदीचं ताट उपडं व्हावं तशी. मोह पहाटे गळतो. झाडाखाली सावली दाट असते एवढंच मी पाहिलं होतं; ते झाड त्या दिवसांत काय करतं, इकडे लक्ष गेलं नव्हतं.

टोपली घेऊन मोह वेचायला आलेली शेजारीण होडीपाशी थबकून उभी होती.

"जवाई, हे वरचे वेचू का राहू देऊ?"

"वेचा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिनं वेचले. एकेक फूल निघालं तिथं एकेक खळगा झाला आणि खळग्याशेजारी तिच्या बोटाचा ठसा उमटला. मग एक फूल नाकाशी नेऊन तिनं तोंड वाकडं केलं. "याची दारू काढली तं पिनारा आंधळा होईन," ती म्हणाली, आणि रंगाचे मोह पदराच्या टोकाला निराळे बांधले. टाकले मात्र नाहीत.

होडी माझी नव्हती. ती बायकोच्या मोठ्या भावाची. वडशापासून आत असलेल्या त्यांच्या गावात सगळे त्यांना भाऊच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. भाऊ तरुणपणी नौदलात होते आणि शिडाच्या होडीवर त्यांचा हात तिथंच बसला. समुद्रापासून इतक्या लांबच्या, चहूकडे धानाच्या बांध्या असलेल्या गावात परत आल्यावर माणसानं हे विसरून जावं. भाऊंनी एका धरणावरचं बंद पडलेलं बोटिंग केंद्र गाठलं, तिथली फायबरची लहानशी शिडाची होडी उचलली आणि ट्रकात घालून घरी आणली. गावचा तलाव जुना, मोठा. थंडीत तो भरलेला असताना भाऊ शीड लावत, तेव्हा धान कापणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघत राहत. त्यांची बायको वारल्यावर होडी घरामागं उलटी पडली ती पडलीच. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालत.

आता भाऊंचा मुलगा त्यांना पुण्याला कायमचं घेऊन जाणार होता. नातवंडांच्या परीक्षा झाल्या की येतो, असा त्याचा निरोप होता. घर चुलतभावांकडे जायचं होतं, गुरं आधीच विकली होती. भाऊंनी बहिणीला फोनवर एकच गोष्ट सांगितली : "जाच्या पहिले एक डाव शीड लावीन म्हनतो." तेवढंच. पण तलावाचं पाणी उन्हाळी धानाला सुटत होतं आणि रोज उतरत होतं. म्हणजे जे करायचं ते लौकर.

आम्ही घुग्घुसहून त्यांची बांधाबांध करायला आलो. पोचलो तेव्हा भाऊंनी उन्हानं तडकलेल्या भेगा भरून टाकल्या होत्या, रंगाचा डबा उघडला होता आणि कुंपणाला चुना मारावा तसा झपाझप ब्रश चालवला होता. दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात गेली असती.

मी म्हणालो, "भाऊ, असं नाही." आणि त्यांच्या हातातून ब्रश घेतला.

माझंही जरा ऐका. माझी सगळी नोकरी घुग्घुसला, कोळसा खाणीच्या हापिसात गेली. तिथं टेबल पुसलं की ते पुसलेलं आहे हे बघायला तुम्ही वळेपर्यंत त्यावर बोटानं नाव लिहिता येतं. दोरीवरचा सदरा, खिडकीचा गज, तुळशीचं पान, सगळ्यावर कोळसा आणि शेजारच्या कारखान्याचं सिमेंट बसलेलं. हात फिरवला आणि काही लागलं नाही, अशी एक वस्तू आयुष्यात आपल्या हातून व्हावी असं मला फार दिवसांपासून वाटे. त्यात मोबाइलवर मी एका गोऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ पाहिला होता. तो नुसत्या हातानं, फवारणीच्या यंत्राशिवाय, होडी अशी काही रंगवतो की वरचं आभाळ खाली उतरावं. आधी रोलर फिरवायचा, रंग ओला आहे तोवर मागून कोरड्या ब्रशचं नुसतं टोक लावत जायचं, वाळला की पाण्यात भिजवून वापरायच्या पॉलिशपेपरनं घासायचं, पुन्हा रंग, पुन्हा घासणं. त्या म्हाताऱ्याचं ते सगळं चहा गार होईपर्यंत आटोपलं होतं.

भाऊंनी ब्रश सोडला. आमच्याकडे जवायाच्या हातातून काही काढून घेत नाहीत. ताटातली भाकर नाही, बोलण्यातला मुद्दा नाही, मग ब्रश कसा घेतील? माझ्याहून वयानं एवढे मोठे, पण मला अहो-जाहो आणि वर जवाईबापू. "तुमच्या हातानं होऊन राह्यलं तं चांगलंच हाय," ते म्हणाले आणि खाली ठेवलेलं शीड उचलून परत घरात नेऊन ठेवलं. ते त्यांनी बाहेर कशाला काढलं होतं, हे मला त्या वेळी सुचलंच नाही.

मोहाचे खळगे घासून काढताना उजवा खांदा गेला. पॉलिशपेपर ओला करायचा, फिरवायचा, बोटानं चाचपायचं, पुन्हा ओला करायचा. पांढरा गाळ कोपरापर्यंत ओघळत यायचा. संध्याकाळी भाताचा घास तोंडाकडे न्यायला हात वर होत नसे. मी तोंडच ताटाकडे नेई. बोटांची सालं इतकी गेली की मोबाइल माझा अंगठा ओळखेना. बायकोनं तो हातात घेतला, "हा मोबाइल बरोबर म्हनते, हा मानूस आमचा नाई," म्हणाली आणि परत दिला.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो. झाडाखालीच राहिलो, पण होडीवर बायकोचं जुनं लुगडं मांडवासारखं ताणलं. फुलं लुगड्यावर पडली, रंगावर नाही. मी खूश. तेवढ्यात शेजारणीनं पलीकडच्या मोहाखालचा पालापाचोळा पेटवला. वेचायला जमीन साफ हवी म्हणून इकडे पाला जाळतातच. मी लहानपणापासून बघत आलोय. वारा माझ्याकडे होता. काळी राख लुगड्याखालून शिरली आणि ओल्या रंगावर अशी बसली, की मी घुग्घुस सोडून आलोय याचा मला विसर पडला.

"सांगाचं नाई का," मी शेजारणीला म्हणालो.

"मले काय मालूम तुमी अजून तेच करून राह्यले," ती म्हणाली. "मले वाटलं दुसरी होडी असन."

मग होडी गुरांच्या रिकाम्या कोठ्यात नेली. भाऊ आणि मी दोन टोकं धरून, मध्ये थांबत. जमीन सारवून घेतली म्हणजे धूळ उठणार नाही, फटींना पोती लावली. आत उकाडा असा, की घाम रंगात पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधावा लागे. रोलर, मागून ब्रश. रोलर, मागून ब्रश. दारात बसून भाऊ मला डबा हलवून देत. दुपार कलली की उठून बाहेर जात आणि दिवेलागणीला येत. झिंगे आणायला जात असतील, असं मला वाटे. झिंगे कधी ताटात आले नाहीत, हेही माझ्या लक्षात आलं नाही. माणूस रंगात असला की असंच होतं.

आणि तो हात जमला. खरंच जमला. सकाळी पोतं बाजूला केलं तर होडीचं बूड शांत, पांढरं, एकसारखं. भाऊंनी तळवा टेकवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले.

"झालं, जवाईबापू," ते म्हणाले. "मस्त झालं."

त्यांचं वाक्य तिथं संपलं होतं. मी ते संपू दिलं नाही. मोबाइलची बॅटरी लावून मी ती आडवी धरली. तशी धरली तर नव्या नवरीच्या गालावरही काहीतरी सापडेल. मला एका बाजूला ओघळ सापडला, आणि थोड्या भागावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे.

"भाऊ, अजून एक हात. एवढ्यावर आलो आहोत तर..."

भाऊ थोडा वेळ दाराबाहेर बघत राहिले. "तुमी म्हनता तं," ते म्हणाले.

सगळं अंग नको म्हणत होतं आणि मी पॉलिशपेपर भिजवला. चांगला झालेला रंग मी स्वतःच्या हातानं उतरवला. दुपारपर्यंत अर्धी होडी परत खरबरीत, डागाळलेली. तेव्हा बायको कोठ्यात आली. तिच्या हातात भाऊंची पँट होती, धुवायला काढलेली.

"हे पाहा."

"काय?"

"चिखल पाहा कुठलोक आला ते. तो रोज पानी पाहाले जाते. तुमी आले तवा चप्पल भिजे त्याची. आता पान्यापर्यंत पोचाले मांडीलोक गाळात उतरा लागते."

मी पँट पाहिली. वाळलेल्या चिखलाच्या रेघा, एकीवर एक.

"मंग मले काऊन नाई म्हनत ते?"

"तुमाले कोन म्हनन? जवाई होय तुमी." तिनं होडीकडे पाहिलं. "अन् बुडाले पाहाते कोन? मासोळ्या?"

बरं, आता थांबताही येईना. अर्धी होडी उघडी, भरलेल्या भेगासुद्धा घासून वर आलेल्या. तशी पाण्यात घातली तर झिरपणार. पुन्हा खालचा थर, तो वाळायची वाट, मग वरचा. वाळायची वाट बघण्यासारखं थकवणारं काम नाही. हातांना काहीच नसतं आणि झोपही लागत नाही. मी कोठ्याच्या दाराशी बसून राही आणि भाऊ तलावावर जाऊन येत. त्यांच्या पँटकडे बघायचं मी टाळत असे. शेवटचा हात कसा आला हे मी बॅटरी लावून पाहिलं नाही. हात फिरवला, काही लागलं नाही. म्हणजे जे मला हवं होतं ते झालं होतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

भाऊंचा मुलगा गाडी घेऊन निघाल्याचा फोन आला त्याच दिवशी होडी ट्रॉलीत चढवली. खाली धानाचं तणस अंथरलं. मी ट्रॅक्टरमागं चालत, "हळू, हळू," म्हणत होतो. ट्रॅक्टरवाला मागं वळून म्हणाला, "जवाई, पेशंट हाय का आतमंदी?"

पाळीवर, तलावाच्या बांधावर, चढलो आणि तलाव दिसला. मध्ये पाण्याचं एक मळकट ताट उरलं होतं. भोवती गाळ, गाळात बगळे. ट्रॅक्टरवाल्यासोबत आलेल्या चौघा पोरांनी होडी डोक्यावर घेतली आणि गाळ तुडवत नेली. भाऊंनी शीड लावलं. त्यांच्या हातांना काही आठवावं लागत नव्हतं. ते चढले, वारा आला, शीड एकदम फुगलं आणि होडी निघाली. मी पाळीवर उभा होतो. बायकोनं डोळ्यांवर हात धरला होता.

अशा होडीच्या पोटातून खाली एक पाती सोडतात. ती पाण्यात उतरली तर होडी वाऱ्याशी झुंजून हवी तिकडे जाते. नाही तर वारा नेईल तिकडे आडवी वाहत जाते. पाती सोडायला कमरेएवढं तरी पाणी हवं. तेवढं नव्हतं. होडी आडवी सरकत गेली, पलीकडच्या गाळाला लागली आणि हळूच एका कुशीवर कलली. बगळे जरा बाजूला झाले.

भाऊ लगेच उतरले नाहीत. शीड फडफडत होतं आणि ते सुकाणूला हात लावून तसेच बसून होते, होडी चालू असावी तसे. बऱ्याच वेळानं त्यांनी शीड उतरवलं, नीट घडी घातली, खांद्यावर घेतलं आणि गाळातून चालत निघाले. होडी तिथंच राहिली.

पाळीवर चढायला मी हात दिला. थकलो होतो, काय बोलावं सुचत नव्हतं, आणि काही न बोलणंही जमत नव्हतं. म्हणून मी जे विचारलं ते विचारलं.

"भाऊ, बूड खरचटलं नसेल ना फारसं?"

त्यांनी शीड दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि घराकडे चालू लागले. अंगणात आल्यावर त्यांनी शीड खाटेवर ठेवलं आणि ओट्याच्या पायरीवर बसले. पाय मांड्यांपर्यंत काळे. बहीण पाण्याकडे वळली तसं त्यांनी तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"जवाई," ते म्हणाले. बापू म्हणाले नाहीत. "पाय धुवाले पानी आना. अन् गाळत नोका बसू. हाय तसंच आना."