मस्कतच्या विमानतळावरची दुसरी हाक

माझी शाळा चौथीपर्यंतची. लिहिण्यात चुका निघतील, त्या काढा, पण मला भोळा समजू नका. आमच्या शिवेवरच्या ज्या बाभळीला लोक भरदिवसा हात जोडायचे, ती मी एकट्यानं तोडली आन तिचं वखराला लाकूड केलं. करणी, चकवा, भूत... असलं बोलणाऱ्याला मी चहा न पाजता दारातून वाटेला लावलं आहे. आजही भगताकडं चला म्हणलं तर मी येणार नाही. तरी जे घडलं ते घडलं, आन तेव्हा सोबत शिकलेला माणूस होता, म्हणून लिहायलो.

आमचं गाव पाथरी तालुक्यात. धाकटा लेक केशव ओमान देशात सलाला म्हणून शहर आहे, तिथं क्रेन चालवायचा. उन्हाळ्यात त्याच्या खोलीवरच्या दोस्ताचा, जिंतूरच्या सलीमचा, फोन आला. केशवच्या डोक्यात रक्त साकळलंय, दवाखान्यात ठेवलंय, निघा. आम्हा नवराबायकोला समुद्र दाखवायचा म्हणून केशवनंच आमचे पासपोर्ट काढून ठेवले होते. म्हातारीचे गुडघे गेलेले. मग मी आन जावई निघालो. जावई सेलूला मास्तर आहेत.

हैदराबादहून मस्कत, आन मस्कतहून दुसरं विमान सलाल्याला. मधी सकाळपासून उन्हं कलेपर्यंत नुसतं बसायचं. आपल्याकडं एसटी चुकली तर माणूस जीप धरतो, जीप नसली तर देवगाव फाट्याकडं पायी तरी निघतो. तिथं कुठं निघणार? काचेबाहेर ऊन आन उभी विमानं. लेक तिकडं पडलेला आन मी गार हवेत खुर्चीवर.

बसवेना म्हणून त्या सरकत्या पट्ट्यावरून येरझाऱ्या घातल्या.

"मामा, बसा की आता. पट्टा झिजंल," जावई म्हणले.

"झिजू द्या. तुमच्या शाळंचा हाय का?"

मग म्हातारीनं दिलेले धपाटे सोडले, शेंगदाण्याची चटणी काढली. जावयानं इकडंतिकडं बघितलं.

"लोक बघायलेत, मामा."

"बघू द्या की पाहुणे. त्यांनी बी घरून आणावं."

तेवढ्यात सलीमचा फोन आला. केशवनं डोळे उघडलेत, आबा कुठपर्यंत आले विचारायलाय. मी फोन हिसकून घेतला, म्हणलं, "त्याला सांग, आबा मस्कतला आलाय. आता जवळच हाय म्हणावं." त्यानंतर धपाटा गोड लागला. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

जेवून मी भिंतीकडच्या खुर्चीवर टेकून बसलो. झोपलो नव्हतो, हे ध्यानात घ्या. समोरच्या बाईचं लेकरू बिस्किट खायलं होतं, तेच बघायलो होतो. आन हाक आली.

"आबाऽऽऽ..."

विहिरीवरून बांधाच्या पार मारतात तशी, शेवटाला लांबवलेली. केशवची. बापाला लेकराचा आवाज वळखू येत नाही का?

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. जिथं माणूस असायला नको तिथून त्याची हाक आली, तर पहिलीला ओ देऊ नये, दुसरीला पण नाही. खरं माणूस असलं तर तिसरी मारतंच. जे माणूस नसतं ते दोनावर थांबतं, आन ओ दिली की ज्याच्या आवाजात बोलवलं त्याचा जीव घेऊन जातं. माझी आई सांगायची, मी हसायचो. रात्री पिकाला पाणी देताना कुणी हाक मारली तर पहिलीलाच ओ द्यायचो, मुद्दाम मोठ्यानं. गावाला ऐकू जाईल अशी.

पण त्या दिवशी आवाज केशवचा होता. तोंड उघडलं... आन मिटलं.

दुसरी हाक आली. थोडी बारीक.

जावयानं कानातली वायर काढली. "मामा, केशवच्या आवाजागत... तुमालाच बोलवलं ना कुणी?"

"गप बसा पाहुणे. तिसरी येऊ द्या."

"तुमी? आन हे मानायलात?"

"गप म्हणलं ना."

मी खुर्चीचा दांडा धरून बसलो. तिसरी आलीच नाही. जावई उठून दोन्हीकडं बघून आले. फोन बघितला, त्यावर कुणाचा फोन चालू नव्हता. कुणी अरबी, कुणी मल्याळी, कामावर चाललेली माणसं पिशव्यांवर डोकं टेकून पडलेली. आपल्याकडचा चेहरा एक नाही. विमानात बसेपर्यंत मी कान देऊन होतो. मनात म्हणायलो होतो, बरं झालं, ओ दिली नाही, पोरगं वाचवलं.

सलाल्याला सलीम बाहेर उभा होता. त्यानं माझी पिशवी घेतली नाही, दोन्ही हात धरले. मी समजलो.

दवाखान्याकडं जाताना गाडीत तो सांगायला लागला. पोरानं बापाची आठवण काढली, हे ऐकून म्हाताऱ्याला बरं वाटंल असं त्याला वाटलं असणार.

"तुमी मस्कतला आले म्हणलं तर लय खूश झाला, चचा. मग दुपारी बोला, जवळच हायेत तर मी आबाला आवाज देतो. मैं बोला, अरे पागल, इथून कसा जाईल आवाज? तरी दिला. दोन डाव. सिस्टर पळत आली. मग माझ्याकडं बघून बोला, 'सलीम, आबा ओ देईनात रे.' बस. उसके बाद बोलाच नाही."

जावई खिडकीबाहेर बघत राहिले. आजपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. मीच एकदा विचारलं तर म्हणले, काळजीनं भास होतात. म्हणलं, मग मास्तर, तुमाला कसा झाला? त्यांनी चष्मा काढून पुसला.

केशवची पेटी घेऊन त्याच वाटेनं परत आलो. मस्कतला त्याच भिंतीपाशी उभं राहून मी मोठ्यानं ओ दिली. पोलिसानं बघितलं. जावयानं धरून बसवलं.

म्हातारी विचारते, "शेवटाला कायी बोलला का हो त्यो?" मी सांगतो, न्हाई, शुद्धीवरच नव्हता. तिला वाचता येत नाही, म्हणून इथं लिहायलो.

हे काय होतं, मला कळलेलं नाही. भूत होतं असं मी अजून म्हणत नाही. एवढ्या लांबून आवाज कसा आला, तेही कुणी सांगू शकलं नाही. डॉक्टर म्हणले, तो वाचणारच नव्हता. असंल. पण माझी ओ ऐकून गेला असता.

आता कुणी कुणालाही हाक मारली की माझ्या तोंडून ओ जाते. गाव म्हणतं, म्हातारा चळला. परवा पाथरीच्या बाजारात एकानं गर्दीतून आबा म्हणून हाक मारली, मी ओ दिली. त्याचा आबा माझ्या बाजूलाच उभा होता, वांगी निवडायला. त्यानं मानसुद्धा वर केली नव्हती.

मी त्याचा दंड धरला. म्हणलं, "ओ द्या की हो... लेक बोलवायलाय."